‘घरचं भांडण’ असं केसपेपरवर लिहिण्याआधी: जोडीदाराकडून होणारी हिंसा कशी ओळखावी

रात्री पावणेबाराच्या सुमारास कॅज्युअल्टीत एक बाई आली होती. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बारीक चिरा होत्या आणि त्यांतल्या एकीत हिरव्या बांगडीच्या काचेचा कण अडकलेला होता. भांडी घासताना बांगडी फुटली, असे सोबत आलेल्या नवऱ्याने सांगितले. ती स्वतः काहीच बोलली नाही. जखम धुण्यासाठी मी तिची बाही वर सरकवली, तेव्हा दंडाच्या बाहेरच्या बाजूला एकाखाली एक असे चार लंबगोल काळेनिळे डाग दिसले आणि आतल्या बाजूला पाचवा, जरा मोठा. चार बोटे आणि एक अंगठा. केसपेपरवर मात्र ‘बांगडी लागून मनगटाला जखम’ एवढेच लिहिले गेले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले आणि ती त्याच माणसाबरोबर घरी गेली. मी तेव्हा सिस्टर म्हणून नोकरीत नवीन होते. डाग मला दिसले होते, परंतु ते जे सांगत होते त्याला काय म्हणायचे, ते कुठे नोंदवायचे आणि ते नोंदवण्याचा मला अधिकार आहे का, हे मला ठाऊक नव्हते.

पुढचे लेखन त्या राहून गेलेल्या नोंदीतून आले आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात न्यायवैद्यक परिचर्या (म्हणजे कोर्टाच्या कामी येईल अशी तपासणी व नोंद सांभाळून केलेली रुग्णसेवा) आणि भारतीय कायदे हा विषय समाविष्ट केला. परंतु आज वॉर्डात उभ्या असलेल्या बहुतेक सिस्टर त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या आहेत, आणि जखमी बाईला पहिला हात बहुधा त्यांचाच लागतो.

व्याख्या जखमेपासून सुरू होत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय असा आहे की सध्याच्या किंवा पूर्वीच्या जोडीदाराच्या ज्या वर्तनामुळे शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक इजा होते ते वर्तन म्हणजे जोडीदाराकडून होणारी हिंसा, आणि त्यात मारहाण, लैंगिक बळजबरी, मानसिक छळ यांच्याबरोबरच ताबा ठेवण्यासाठी केलेले वागणेही येते. ही व्याख्या वाचताना आपले लक्ष ‘इजा’ या शब्दाकडे जाते, कारण आपले प्रशिक्षणच तसे झालेले असते. प्रत्यक्षात तिचा कणा नात्यात आहे. हाड मोडण्याचा प्रकार अपघातात आणि मारहाणीत सारखाच असू शकतो. ते कोणी मोडले, त्या माणसाशी या व्यक्तीचे काय नाते आहे आणि त्या माणसाबरोबर तिला पुन्हा एकाच छपराखाली झोपायचे आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांनी ती वेगळी केस होते.

म्हणून पहिली सवय अशी लावावी की इजेचा प्रकार लिहिण्याआधी नाते विचारावे, आणि ‘पूर्वीच्या जोडीदाराच्या’ हे शब्द कधीही विसरू नयेत. माहेरी येऊन चार महिने झालेल्या, घटस्फोटाचा अर्ज दिलेल्या किंवा नाते तोडलेल्या स्त्रीच्या बाबतीत ‘आता त्याचा काय संबंध’ असे आपल्याला सहज वाटून जाते. वेगळे होण्याचा काळ हाच पुष्कळदा सर्वांत धोक्याचा असतो.

कायद्यातला ‘कौटुंबिक हिंसाचार’ आणि आपली व्याख्या एकच नव्हेत

येथे गोंधळ सर्वांत जास्त होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची व्याख्या आहे. इजा करण्याची धमकीही त्यात मोडते. मात्र हा कायदा घराभोवती उभा आहे. एकाच घरात राहणाऱ्या किंवा कधी काळी राहिलेल्या, आणि रक्ताने, विवाहाने, विवाहसदृश नात्याने, दत्तकविधानाने किंवा एकत्र कुटुंबाने जोडलेल्या माणसांचे नाते तो पाहतो. आपली वैद्यकीय व्याख्या जोडप्याभोवती उभी आहे.

एकाच दिवशी ड्रेसिंग रूममध्ये चार जणी आल्या असे समजू. पहिलीला नवऱ्याने मारले आहे. ती दोन्ही व्याख्यांत बसते. दुसरीला सासूने चटका दिला आहे. कायद्याच्या दृष्टीने हा कौटुंबिक हिंसाचार आहे, आणि प्रतिवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा ती व्यक्ती, प्रौढ पुरुषच असली पाहिजे ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकल्यामुळे सासूविरुद्धही अर्ज होऊ शकतो, परंतु जोडीदाराची हिंसा म्हणून तिची नोंद करण्याआधी नवऱ्याचा त्यात काय वाटा आहे हे विचारावे लागेल. तिसरी कॉलेजातली मुलगी आहे. मित्राने तिच्या थोबाडीत मारली आहे आणि तो महिनाभर तिचा पाठलाग करतो आहे. ते दोघे कधीही एकत्र राहिलेले नाहीत, त्यामुळे २००५ चा कायदा तिला लागू होत नाही, तरी आपल्या व्याख्येत ती पूर्णपणे बसते, आणि दुखापत व पाठलाग हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेतच. चौथी लग्न न करता एका पुरुषाबरोबर राहते. विवाहसदृश नाते कशाला म्हणावे याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या इंद्रा सरमा खटल्यात सांगितले आहेत: सहवासाचा काळ, सामायिक घर, पैशांची एकत्र व्यवस्था, समाजात जोडपे म्हणून वावरणे आणि आणखी काही. ते निकष तिच्या बाबतीत लागतात की नाही हे ठरवणे आपले काम नव्हे. ‘नक्की नवरा आहे का’ असा खवचट प्रश्न विचारून तिला गप्प करू नये, एवढे आपल्या हातात आहे.

समलिंगी जोडीदाराकडून मार खाल्लेली व्यक्ती किंवा बायकोच्या हातून जखमी झालेला पुरुष २००५ च्या कायद्याखाली पीडित म्हणून अर्ज करू शकत नाही. उपचार, नोंद आणि एकांतात विचारलेला प्रश्न यांवर मात्र त्यांचाही तेवढाच हक्क आहे.

मार दिसतो, ताबा दिसत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधी काळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी देशात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हा आकडा केवळ शारीरिक आणि लैंगिक हिंसेचा आहे. अपमान, धमक्या, पैसे काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे हे त्यात धरलेलेच नाही. त्याच सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच कोणाकडे तरी मदत मागितल्याचे दिसते, आणि ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. म्हणजे बाई आपण होऊन सांगेल अशी वाट पाहत बसलो, तर बहुतेक जणी आपल्या हातून तशाच निघून जातील.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये मांडलेला एक भेद मला कामात फार उपयोगी पडला आहे. काही जोडप्यांत एखादे भांडण हाताबाहेर जाते आणि हात उगारला जातो. काहींत मात्र मारहाण हे एका सतत चाललेल्या ताब्याचे एक साधन असते. दोन्ही हिंसाच आहेत आणि दोन्हींची नोंद झालीच पाहिजे. फरक आहे तो पुढच्या धोक्यात. दुसऱ्या प्रकारात जखम अगदी किरकोळ असू शकते, कारण तिथे रोज मारण्याची गरजच उरलेली नसते. नुसते डोळे वटारले तरी काम होते. त्यामुळे जखमेच्या आकारावरून हिंसेची तीव्रता ठरवणे ही मोठी चूक आहे.

ताबा ओळखायचा तर बारीकसारीक गोष्टी पाहाव्या लागतात. पगार कोणाच्या हातात जातो, एटीएम कार्ड आणि आधार कार्ड कोणाकडे आहे, मोबाईल कोण तपासतो, दवाखान्यात यायला परवानगी लागली का, गर्भनिरोधक गोळ्या फेकून दिल्या का, स्त्रीधनाचे दागिने कुठे आहेत. कायद्यातल्या आर्थिक छळाच्या व्याख्येत घरखर्च न देणे आणि स्त्रीधन काढून घेणे स्पष्टपणे येते. प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ती प्रत्येक वेळी दाराकडे पाहते का, हेही आपल्याला दिसते, आणि ते दिसले तसे लिहिता येते.

लैंगिक हिंसेबाबत आपल्याकडे एक दुखरी विसंगती आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादानुसार अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. परंतु २००५ च्या कायद्यात स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे लैंगिक वर्तन हा छळ आहे, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता बलात्कार या शब्दात वैवाहिक बलात्कारही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘नवराच आहे ना’ या तीन शब्दांनी विषय संपवण्याचा अधिकार कॅज्युअल्टीतल्या कोणालाही नाही. तिने बळजबरी झाल्याचे सांगितले, तर गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि ७२ तासांच्या आत सुरू करायचे एचआयव्ही प्रतिबंधक औषध यांचा विचार डॉक्टरांनी लगेच करावा यासाठी आपण पाठपुरावा करावा.

आणि गळा. हे वाक्य वॉर्डात मोठ्या अक्षरांत लावावे असे मला वाटते: गळा दाबलेल्या व्यक्तीच्या मानेवर काहीही दिसत नसले, तरी तिचा जीव धोक्यात असू शकतो. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे पोलिसांकडे आलेल्या ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्या पीडितांच्या अंगावर कोणतीही दिसणारी खूण नव्हती. पूर्वी गळा दाबला गेलेल्या स्त्रीची त्याच जोडीदाराकडून पुढे हत्या होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असल्याचे २००८ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून ‘गळ्याला हात लावला होता का, ओढणीने किंवा दोरीने आवळले होते का’ हे वेगळे विचारावे, कारण ‘मारले का’ या प्रश्नाला उत्तर देताना पुष्कळ जणी गळा दाबणे त्यात धरतच नाहीत. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापणीच्या आत लाल टिपके, क्षणभर शुद्ध हरपणे, त्या वेळी कपड्यांत लघवी होणे ही लक्षणे एकेक करून विचारावीत. शेवटचे ती लाजेने सांगत नाही; आपण शांतपणे विचारले तर सांगते. यांपैकी काहीही असेल तर घरी पाठवण्याची घाई करू नये, कारण मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर तिचा परिणाम काही तासांनी किंवा दिवसांनीही दिसू शकतो.

विचारावे कसे

नवऱ्यासमोर, सासूसमोर, मोठ्या मुलासमोर कधीही विचारू नये. ‘एक्स-रेला न्यायचे आहे, नातेवाईकांना आत सोडत नाहीत’ एवढे सांगून तिला वेगळे करता येते, आणि सोबतचा माणूस त्यालाही आडवा येत असेल तर तीही एक नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. दुभाष्याचे काम नातेवाइकाला देऊ नये. आमच्याकडे एकदा अहिराणी बोलणारी बाई आली होती, तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी ते काम आमच्या कोणाहीपेक्षा चांगले केले. त्याआधी गुप्ततेबद्दल त्यांच्याशी नीट बोलून घेतले होते.

प्रश्न सरळ असावा. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का’ असे विचारले तर उत्तर बहुधा नाही असेच येते, कारण रोजच्या जगण्याला कोणी अत्याचार म्हणत नाही. त्याऐवजी, ‘अशा जखमा पुष्कळदा घरात कोणी मारल्यामुळे होतात, म्हणून आम्ही सगळ्यांनाच विचारतो, तुम्हाला कोणी मारले, ढकलले का?’ असे विचारावे. पुढे, ‘घरी जायची भीती वाटते का?’ ती नाही म्हणाली तर खोदून विचारू नये, पण दार उघडे ठेवावे: ‘पुन्हा कधी बोलावेसे वाटले तर दिवसा कधीही या.’ आणि ‘मग तुम्ही राहता कशाला त्याच्याजवळ’ हा प्रश्न कधीही तोंडातून निघू नये. ती तिथे का राहते याची उत्तरे तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहेत: मुलांची शाळा, भाड्याचे घर, माहेरचा भाऊ.

अमेरिकी परिचारिका जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात जीविताच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. ती वापरण्याचे वेगळे प्रशिक्षण असते, पण तिच्यातले काही प्रश्न कोणीही मनात ठेवावेत: अलीकडे मार वाढला आहे का, त्याच्याकडे हत्यार आहे का, मारून टाकण्याची धमकी दिली आहे का, गरोदरपणात मारले का, नुकतीच वेगळी झाली आहे का. आपल्याकडे त्यात रॉकेल किंवा ॲसिड टाकण्याची धमकी हा प्रश्न मी नेहमी जोडते.

केसपेपरवर काय लिहावे

‘अलेज्ड हिस्टरी ऑफ असॉल्ट बाय नोन पर्सन’ (ओळखीच्या व्यक्तीने मारहाण केल्याचे कथित सांगणे) हे वाक्य आपल्या कागदांवर इतके रुळले आहे की ते लिहिताना हात थांबत नाही. त्यात कोणी मारले ते नाही, कशाने मारले ते नाही, आणि ‘अलेज्ड’ या शब्दाने तिच्या बोलण्यावर आपण आधीच शंका घेतलेली आहे. त्याऐवजी तिचे शब्द अवतरणात लिहावेत: रुग्णाने सांगितले, ‘काल रात्री नवऱ्याने हात पिरगाळला आणि पाठीत लाटणे मारले.’ नाव, नाते, वेळ, ठिकाण, साधन आणि पूर्वी असे किती वेळा झाले, हे सगळे तिच्या तोंडून येऊ द्यावे. ती जे म्हणाली नाही ते लिहू नये, आणि ती जे म्हणाली ते गुळगुळीत करू नये.

प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी, आकार आणि रंग लिहावा आणि शरीराच्या आकृतीवर खूण करावी. पट्ट्याचे वळ, वायरचे दुहेरी रेघ असलेले वळ, दाताची खूण, वार अडवताना हाताच्या करंगळीकडच्या बाजूला झालेली इजा, हे आकार बोलके असतात. काळानिळा डाग किती दिवसांचा आहे हे केवळ रंगावरून ठरवू नये. ‘हिरवट पिवळा’ लिहावे, ‘चार दिवसांपूर्वीचा’ नव्हे. तिचे सांगणे आणि जखम जुळत असतील तर ‘सांगितलेल्या कारणाशी सुसंगत’ असे लिहिण्यासाठी डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावे, आणि जुळत नसतील तर तेही. त्या बांगडीच्या केसमध्ये दंडावरचे पाच डाग कोणीही आरोप न करता, नुसत्या मोजमापासह लिहिता आले असते.

एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणजे पोलिसांकडची एफआयआर नव्हे, हे तिला समजावून सांगणे आपले काम आहे. एमएलसी ही रुग्णालयाची न्यायवैद्यक नोंद असते. तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय राहतो, आणि सहा महिन्यांनी तिने तो घेतला तर त्या दिवशी हाच कागद तिच्या बाजूने उभा राहतो. २००५ च्या कायद्याखालील नियमांनुसार तिने आधी घरगुती घटना अहवाल (घरात घडलेल्या हिंसेची ठरावीक नमुन्यातली नोंद) दिलेला नाही या कारणाने रुग्णालय तिला मदत नाकारू शकत नाही, तसा अहवाल नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा असतो, आणि वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यायची असते. हे नियम २००६ पासून आहेत. तरीही ‘आधी चौकीत जाऊन या’ असे सांगून बायकांना परत पाठवल्याचे मी पाहिले आहे आणि ते पाहताना मला आजही संताप येतो.

रुग्णालयातच समुपदेशन ठेवता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, आणि नंतर शहरातील इतर पालिका रुग्णालयांतही तशी केंद्रे उघडली. जिथे असे केंद्र नाही तिथे हिंसा सोसलेल्या स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे; तातडीच्या वेळी ११२. हे क्रमांक देण्याआधी तिचा मोबाईल कोण पाहतो ते विचारावे. पाहत असेल तर १८१ हा तीन आकडी क्रमांक तिच्याकडून दोनदा म्हणून घ्यावा. तेवढ्याने तो पाठ होतो.

अहवालाची प्रत देतानाही तसेच. घरी नेलेला कागद सापडला तर तोच पुढच्या मारहाणीचे कारण होऊ शकतो, म्हणून ती तो कुठे ठेवणार आहे हे विचारूनच हातात द्यावा. ती म्हणाली की घरी नेता येणार नाही, तर मूळ नोंद रुग्णालयात राहते आणि प्रत नंतर मिळू शकते हे सांगावे, आणि एमएलसीचा क्रमांक व तारीख, बाकी एक शब्दही न लिहिता, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डामागे पेन्सिलीने लिहून दिली तर चालेल का, ते तिलाच विचारावे.